पॅनेलमधला चौथा माणूस

निवडणूक आली की परभणी शहरापासून पूर्णा, सेलू, गंगाखेडपर्यंत आपल्या वस्त्यांत एकच वाद रंगतो. एक म्हणतो, "माणूस चांगला आहे, पण पक्ष चुकीचा." दुसरा म्हणतो, "पक्ष आपला आहे, पण माणूस विकाऊ." तिसरा दोघांनाही दलाल ठरवून मोकळा होतो. मतदानाच्या आदल्या रात्री चौथाच कोणीतरी पाकिटे घेऊन फिरतो आणि वाद तिथे संपतो. आपल्या उमेदवारांचा प्रामाणिकपणा आणि त्यांचे दोष आपण जोखतो जरूर, पण सगळे ठरून गेल्यावर जोखतो.

हे आधी जोखण्याची सोय आपल्या इतिहासात एकदा कायद्याने झाली होती. तिचे नाव प्राथमिक निवडणूक. पुणे कराराच्या दुसऱ्या कलमात ती आहे. आपल्याकडे पुणे करारावर २४ सप्टेंबरला भाषणे खूप होतात, पण हे दुसरे कलम वाचलेला कार्यकर्ता क्वचित भेटतो. म्हणून ते जरा सावकाश पाहू.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले आणि सर्वसाधारण मतदारसंघातले दुसरे मतही मिळाले. म्हणजे आपला प्रतिनिधी आपण निवडायचा आणि सवर्ण उमेदवारालाही आपल्या दारात मत मागायला यावे लागणार. गांधींनी येरवड्यात २० सप्टेंबरला उपोषण सुरू केले आणि २४ तारखेला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, दुसरे मत गेले. त्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा जवळजवळ दुप्पट झाल्या, १४८. शिवाय आणखी एक गोष्ट पदरात पडली. वाटाघाटीत तेजबहादूर सप्रूंनी प्राथमिक निवडणुकीची कल्पना पुढे केली होती, ती बाबासाहेबांनी घट्ट धरून ठेवली.

योजना अशी. मतदारयादीत ज्या अस्पृश्यांची नावे आहेत त्यांनी आधी आपसांत मतदान करायचे. प्रत्येकाला एकच मत. सर्वांत जास्त मते मिळालेले चार जण म्हणजे पॅनेल. मग त्या चौघांतून एकाला सर्व जातींच्या मतदारांनी निवडून द्यायचे. पहिली फेरी आपली, दुसरी सगळ्यांची. ही सोय दहा वर्षांसाठी.

हिशेब सरळ दिसतो, पण खोच त्या 'चार'मध्ये आहे. नवा कायदा आल्यावर मतदारसंघ आखण्यासाठी १९३५ मध्ये हॅमंड समिती नेमली गेली. तिच्यापुढे हिंदूंच्या वतीने मांडले गेले की पॅनेलमध्ये किमान चार उमेदवार हवेतच. चार उभे राहिले नाहीत तर ती जागा रिकामी राहू द्यावी. बाबासाहेबांचे म्हणणे उलट होते. चार म्हणजे जास्तीत जास्त चार. लोकांनी दोघांनाच किंवा एकालाच उभे केले तरी निवडणूक वैध. समितीने बाबासाहेबांचा अर्थ मान्य केला.

आता विचार करा, चारच हवेत हा हट्ट कशासाठी? लोकशाहीच्या प्रेमाखातर नव्हे. समाजाने ज्याला पहिल्या क्रमांकाची मते दिली तो ठाम माणूस असणार. दुसराही बहुधा त्याच्याच जातकुळीचा. तिसऱ्यापर्यंत धार बोथट होत जाते. चौथा म्हणजे ज्याला स्वतःच्या लोकांनी जेमतेम पसंत केले आहे, ज्याच्यामागे वस्ती नाही आणि म्हणून ज्याला दुसऱ्याच्या आधाराची गरज आहे. सवर्ण मतदारांना नेमका तोच सोयीचा. बाबासाहेबांनी पुढे १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा पंचनामा करणारा ग्रंथ लिहिला, त्यात हा डाव उघड केला आहे. पॅनेलमधला चौथा माणूस वाईटच असतो असे नाही. तो घरात नेक असेल, सभ्य असेल, व्यसन नसेल. पण त्याला निवडून देणारे आपण नसतो, एवढी एक गोष्ट त्याच्या बाबतीत पक्की असते.

दुसरा वाद मत कसे टाकायचे यावर झाला. राखीव जागा ज्या मतदारसंघात असे तिथे एकाहून अधिक सदस्य निवडायचे असत आणि मतदाराला तितकी मते असत. ती सगळी मते एकाच उमेदवारावर टाकता यावीत, असे बाबासाहेबांचे म्हणणे. हिंदूंच्या प्रतिनिधींचा आग्रह होता की मते वेगवेगळ्या उमेदवारांना वाटलीच पाहिजेत. अल्पसंख्य समाजाचे बळ एकवटले तरच टिकते, वाटले की विरघळते. इथेही बाबासाहेबांचे म्हणणे टिकले आणि मुंबई प्रांतात १९३७ ची निवडणूक एकवटून मत टाकण्याच्या पद्धतीने झाली.

त्या वेळी परभणी कुठे होती? निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पुणे करार ब्रिटिश प्रांतांपुरता, त्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांना प्राथमिक निवडणूक अशी काही असते हे ऐकूनच माहीत असणार. मराठवाड्यात ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद झाली, १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली. बाबासाहेब दोन्हीकडे आले, लोक मैलोन्‌मैल चालत गेले. पण मतपेटी आपल्या वाट्याला थेट १९५२ मध्ये आली. तोवर प्राथमिक निवडणूक इतिहासजमा झाली होती. ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिची उणीवही जाणवत नाही. मराठवाड्यात या कलमाची चर्चा कमी होण्याचे हे एक कारण असावे असे मला वाटते.

तर १९३७ कडे येऊ. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा, त्यांपैकी १५ अस्पृश्यांसाठी राखीव. पक्षाने १७ उमेदवार दिले, १३ राखीव जागांवर आणि ४ सर्वसाधारण जागांवर. त्यांतले १४ निवडून आले. भाऊराव गायकवाड, दौलत जाधव, आर. आर. भोळे, प्रभाकर रोहम ही मंडळी होती, आणि अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर असे स्पृश्य सहकारीही होते.

स्वतः बाबासाहेब मुंबईतून भायखळा-परळमधून उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध कोणाला आणले? बाळू पालवणकरांना. हे नाव आजच्या पोरांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते ते एका शब्दात निकाली काढतात. तो शब्द मी इथे वापरणार नाही, कारण बाळूंचे प्रकरण त्या शब्दात मावत नाही.

बाळू चांभार समाजातले. डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कुल्हडात. संघातला सर्वांत मोठा खेळाडू असूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही बऱ्याच वादानंतर. ज्या काळात अस्पृश्यांची पोरे शाळेच्या पायरीवर बसत, त्या काळात बाळू पालवणकर हे सगळ्या अस्पृश्य समाजाचे अभिमानाचे ठिकाण होते. तरुण आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी आदर होता.

असा माणूस काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांपुढे उभा राहिला. पैशासाठी? तसे म्हणायला काही आधार नाही. बाळूंचा मार्गच वेगळा होता. हिंदू समाज हळूहळू सुधारेल, मंदिरे उघडतील, खेळाच्या मैदानावर जसा थोडा रस्ता मोकळा झाला तसा सगळीकडे होईल, असे त्यांना मनापासून वाटत होते. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध झालेल्या राजा-मुंजे कराराच्या बाजूने ते होते आणि येवल्याच्या धर्मांतर घोषणेलाही त्यांनी विरोध केला. म्हणजे त्यांच्या भूमिकेत सुसंगती होती. वैयक्तिक प्रामाणिकपणाच्या तराजूत बाळू कमी भरत नाहीत.

बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचा फरक. बाबासाहेबांचे नाव, चवदार तळे, काळाराम, गोलमेज परिषद हे सगळे पाठीशी असताना एवढाच फरक. काँग्रेसने निवडलेला उमेदवार भ्रष्ट असता तर लढत सोपी गेली असती. उमेदवार सज्जन होता म्हणून ती अवघड गेली. सज्जन माणूस समोर उभा करणे हा जुना डाव आहे आणि तो अजून चालतो.

मग बाळूंना मत का द्यायचे नव्हते? याचे उत्तर त्यांच्या चारित्र्यात शोधून सापडणार नाही. पुढच्या दोन वर्षांत कायदेमंडळांत काय घडले त्यात ते आहे.

मुंबईत स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ च्या सप्टेंबरमध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. बाबासाहेबांनी महार वतनाचा प्रश्न सभागृहात आणला. १९३८ च्या जानेवारीत कोकणातून हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. त्याच महिन्यात लोकल बोर्डांच्या कायद्यात आपल्याला 'हरिजन' म्हणायचे ठरले तेव्हा भाऊराव गायकवाडांनी दुरुस्ती सुचवली. आमचे नाव आम्ही ठरवू, एवढीच मागणी. बहुमताने ती फेटाळली आणि पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. यातले बरेच काही सभागृहात हरले. खोती विधेयक त्या विधानसभेत मंजूर झाले नाही. पण हरतानाही सदस्य कोणाच्या बाजूला उभे आहेत हे गल्लीतल्या माणसाला दिसत होते.

याच्या शेजारी मद्रास ठेवून पाहा. एम. सी. राजा हे अस्पृश्यांचे जुने, जाणते पुढारी. १९३२ मध्ये मुंज्यांशी करार करून संयुक्त मतदारसंघ स्वीकारणारे ते हेच. १९३८ मध्ये त्यांनी मद्रास विधानसभेत मंदिरप्रवेशाचे विधेयक मांडले. गांधींचे मंदिरप्रवेशाचे आंदोलन एवढे गाजलेले, मुख्यमंत्री राजगोपालाचारी म्हणजे गांधींचे व्याही, त्यामुळे राजांना भरवसा होता. राजगोपालाचारींनी विधेयकाला विरोध केला. काँग्रेसच्या तिकिटावर राखीव जागांवरून आलेले सदस्य पक्षाच्या शिस्तीत राहिले आणि आपल्याच लोकांच्या मंदिरप्रवेशाविरुद्ध मतदान करून बसले. त्यांतला प्रत्येक जण अप्रामाणिक होता का? मुळीच नाही. काहींच्या मनाला ते लागलेही असेल. पण पुढचे तिकीट पक्षाकडून आणि पुढची मते सवर्णांकडून येणार होती. मन कुठेही असो, हात वर होतो तो तिकीट देणाऱ्याच्या बाजूने.

माणसाचा प्रामाणिकपणा दोन ठिकाणी तपासावा लागतो, असे मी म्हणतो ते यासाठी. एक त्याच्या खिशात. तो पैसे खातो का, ठेकेदारी करतो का, शब्द पाळतो का. दुसरा त्याच्या दोरीत. त्याला परत येऊन कोणाला तोंड दाखवायचे आहे? आपली चर्चा नव्वद टक्के पहिल्याच ठिकाणी अडते. बाबासाहेबांनी राजकारणात जोर दिला दुसऱ्यावर. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी म्हणजे दुसरे काय होते? आपला माणूस देवमाणूस असेल असा दावा त्यांनी कधी केला नाही. तो चुकला तर आपल्याच लोकांनी त्याला घरी बसवता यावे, एवढी व्यवस्था ते मागत होते.

पण म्हणून खिसा तपासूच नये, किंवा विरोधी गटातल्या माणसाला एकदा ठप्पा मारला की काम संपले, असेही नाही. इतिहास त्या बाबतीत फार अडचणीचा आहे. एम. सी. राजांचेच पाहा. मद्रासच्या अनुभवाने ते हादरले आणि १९४२ मध्ये क्रिप्स योजनेवर त्यांनी बाबासाहेबांबरोबर संयुक्त पत्रावर सही केली. पां. ना. राजभोज पुण्याच्या पर्वती सत्याग्रहातले. मग गांधींच्या बाजूला गेलेले. मग १९४२ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस. १९५२ मध्ये सोलापुरातून फेडरेशनचे खासदार. पुढे पुन्हा काँग्रेसमध्ये. या माणसाला कोणत्या एका शब्दात बसवणार? कांशीराम साहेबांनी पुणे कराराच्या पन्नासाव्या वर्षी, २४ सप्टेंबर १९८२ ला, 'चमचा युग' हे पुस्तक प्रसिद्ध केले. चमचा ही त्यांची शिवी नव्हती, ते एका व्यवस्थेचे वर्णन होते. हत्यार कोणाच्या हातात आहे हा त्यांचा प्रश्न. आपण त्या शब्दाची शिवी केली आणि प्रश्न विसरलो.

नागपूरचे हेमचंद्र खांडेकर तर आयुष्यभर काँग्रेसचे, महार समाजातले, फेडरेशनचे विरोधक. नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेतल्या शेवटच्या चर्चेत हेच खांडेकर उभे राहिले आणि मनूच्या कायद्याच्या जागी आता महाराचा कायदा आला, असे अभिमानाने म्हणाले. कारण मसुदा एका महाराने घडवला होता. ज्या माणसाला आपण पलीकडचा म्हणतो त्याच्याही छातीत काय असते याचा हा पुरावा. त्याने त्यांचे राजकारण बरोबर ठरत नाही. पण जोखताना हेही तराजूत टाकावे लागते.

आता स्वतःच्या बाजूचे दोष. ते झाकून ठेवले तर हा लेख प्रचारपत्रक होईल. स्वतंत्र मजूर पक्षाचे राखीव जागांवरचे उमेदवार बहुतांश महार होते. मांग आणि चांभार समाजातून तेव्हाच तक्रार झाली आणि ती खोटी नव्हती. काँग्रेसने बाळूंना उभे केले ते फक्त क्रिकेटच्या कीर्तीमुळे नाही. ही फट त्यांना दिसली होती. पुढे १९५२ मध्ये नारायण काजरोळकरही त्याच फटीतून आले. प्राथमिक निवडणुकीतही हा दोष होताच. जी जात संख्येने मोठी आणि संघटित, ती पहिली फेरी जिंकणार. लहान जातींना वाटणार की हे पॅनेल आपले नाही, आणि त्यातून चौथ्या माणसाला समाजातच आधार तयार होणार. चौथा माणूस फक्त बाहेरून लादला जात नाही. आपण ज्यांना बाजूला ठेवतो त्यांच्यातून तो घडतो.

१९४५-४६ च्या निवडणुकांत या सगळ्याचा निकाल लागला. प्राथमिक निवडणूक तेव्हाच होई जेव्हा चारपेक्षा जास्त उमेदवार असत. त्यामुळे बहुतेक राखीव जागांवर ती झालीच नाही. जिथे झाली त्या मुंबई आणि मध्य प्रांतातल्या जागांवर फेडरेशनने पहिली फेरी मारली आणि दुसऱ्या फेरीत त्याच जागा काँग्रेसला गेल्या. अस्पृश्यांनी पहिला ठरवलेला माणूस सगळ्यांच्या मतदानात पडला. बाबासाहेब कॅबिनेट मिशनला सांगत राहिले की आमचे प्रतिनिधी कोण हे प्राथमिक निवडणुकीवरून ठरवा. मिशनने अंतिम आकडे पाहिले. शेवटी बाबासाहेबांना संविधान सभेत जायला बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या आधाराने वाट काढावी लागली.

दहा वर्षांची मुदत संपली होती. नव्या संविधानात प्राथमिक फेरी नको, फक्त राखीव जागा, असे ठरत होते. तेव्हा ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासचे एस. नागप्पा यांनी संविधान सभेत एक दुरुस्ती मांडली. राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला अनुसूचित जातींच्या पडलेल्या मतांपैकी निदान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. नागप्पा काँग्रेसचेच. मागणी किती माफक होती बघा, अर्धीही नाही, तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. सरदार पटेलांनी विरोध केला आणि नागप्पांना दुरुस्ती मागे घ्यावी लागली. प्राथमिक निवडणुकीची ही शेवटची धुगधुगी. ती विझली.

१९५२ मध्ये मुंबई उत्तर या दोन सदस्यांच्या मतदारसंघात बाबासाहेब उभे होते. इथे दोन मते एकालाच देता येत नव्हती. काजरोळकरांकडून ते साडेचौदा हजार मतांनी हरले. भंडाऱ्यात १९५४ मध्ये पुन्हा हार. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने राजकीय राखीव जागाच रद्द करा असा ठराव केला. राखीव जागा म्हणजे आपले प्रतिनिधित्व, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी हा ठराव जरूर लक्षात ठेवावा.

पण प्राथमिक फेरी गेल्यावर आपल्या आत काय झाले, याची मोजदाद कोणी करत नाही. माझ्या मते तेच जास्त महाग पडले. ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष झाला आणि १९५९ मध्ये फुटला. एका बाजूला दादासाहेब गायकवाड, दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे. दादासाहेबांकडे भूमिहीनांचे सत्याग्रह, गावोगावची माणसे. कांबळ्यांकडे कायद्याचा अभ्यास, बाबासाहेबांच्या विचारांना धरून राहण्याचा आग्रह. धोतरवाले आणि पॅन्टवाले अशी टिंगल झाली. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक. दोघांतही दोष. दादासाहेबांनी पुढे १९६७ मध्ये काँग्रेसशी समझोता केला आणि त्या वाटेने कोण कोण गेले ते आपण पाहतोच आहोत. प्रश्न असा की या दोघांत समाजाने कोणाला निवडले? कोणालाच नाही, कारण विचारलेच नाही. मतभेद मोजायची जागाच उरली नव्हती. जिथे मोजता येत नाही तिथे फुटावे लागते. त्यानंतरच्या गटांची नावे घ्यायला बसलो तर हा लेख त्यातच संपेल.

आज परभणी जिल्ह्यात परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड हे चार विधानसभा मतदारसंघ, आणि एकही राखीव नाही. गंगाखेड २००४ च्या निवडणुकीपर्यंत राखीव होता. आता राखीव जागा उरतात त्या महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समितीत. महापालिकेचा प्रभाग चार सदस्यांचा. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेला एकच मत. एकावर चार मते टाकायची सोय नाही. हॅमंड समितीपुढे जी पद्धत बाबासाहेबांनी अडवली होती, तीच इथे आपल्या दारात आहे. आणि चार जणांच्या त्या जुळणीला आपण म्हणतो काय? पॅनेल. त्या पॅनेलमध्ये अनुसूचित जातीच्या जागेवर कोण बसणार हे मोठ्या पक्षाचा स्थानिक पुढारी ठरवतो, आणि उरलेल्या तिघांना सोयीचा असेल असाच माणूस शोधतो. एबी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी हातात पडतो. वस्तीला नाव कळते तेव्हा अर्ज भरून झालेला असतो.

हे फक्त प्रस्थापित पक्षांतच होते असे म्हणून सुटका नाही. २०१९ मध्ये परभणी लोकसभेत वंचित बहुजन आघाडीच्या आलमगीर खान यांना सुमारे दीड लाख मते पडली. ती मते कोणी पाकिटावर दिली नव्हती. जिंकणारा आणि हरणारा यांतले अंतर चाळीस-बेचाळीस हजारांचे, म्हणून लगेच 'मतविभागणी'चा शिक्का बसला. २०२४ मध्ये आधी जाहीर केलेला उमेदवार बदलून हवामानाचा अंदाज सांगणारे पंजाबराव डख उमेदवार झाले. डख शेतकऱ्यांत परिचित आहेत, त्यांच्या माणूसपणावर मला काही म्हणायचे नाही. पण पहिला उमेदवार का बदलला आणि दुसरा का आला, हे त्या दीड लाखांपैकी किती जणांना विचारले गेले? आपल्या चळवळीने आपल्याच माणसांना पहिली फेरी नाकारायची आणि दुसऱ्यांना पुणे कराराचा दोष द्यायचा, हे जुळत नाही.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग पोलिसांची धरपकड. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत गेला. त्यानंतरच्या आठवड्यांत परभणीत कोण आले नाही? सगळे आले. फोटो सगळ्यांचे आहेत. पण पोरांचे जामीन कोणी भरले, पोलीस ठाण्यात कोण बसून राहिले, सभागृहात कोणी तोंड उघडले आणि कोणाला पक्षाने गप्प बसायला सांगितल्यावर तो गप्प बसला, हे वस्तीतल्या बायकांना नावानिशी ठाऊक आहे. उमेदवार जोखायला एवढा मोठा कागद समोर असताना आपण "माणूस कसा आहे?" असे मोघम का विचारतो?

प्राथमिक निवडणूक कायद्याने परत येणार नाही. पण तिच्यासाठी कायदा लागतोच असे कुठे आहे? प्रभागात अर्ज भरण्याच्या महिनाभर आधी विहारात किंवा समाजमंदिरात इच्छुकांना एकाच दिवशी बोलवा. बौद्ध, मातंग, चर्मकार, वाल्मीकी, सगळ्या वस्त्यांना निरोप द्या, नाहीतर चौथा माणूस तिथूनच उभा राहील. बायकांना पुढच्या रांगेत बसवा. १९३७ च्या आपल्या निवडून आलेल्यांत एकही बाई नव्हती. भाषणे नकोत, प्रश्न विचारा. निवडून आल्यावर पक्षाने वस्तीविरुद्ध मत द्यायला सांगितले तर काय करणार? तिकीट कोणी दिले आणि बदल्यात काय मागितले? मागच्या वेळी कोणत्या पक्षात होता, का सोडला? त्याच्या तोंडावर त्याचे दोष सांगा, त्याची बाजू ऐका, आणि मग चिठ्ठ्या टाका. मते मोजून सगळ्यांना कळवा.

कोणी म्हणेल, यातही पैसा चालेल. चालेल. पण दोनशे माणसांत गुपचूप वाटलेले पैसे दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळतात, वीस हजारांत कळत नाहीत. कोणी म्हणेल, नेते हे मानणार नाहीत. नसतील मानत. मग ज्याला विहारात पहिली पसंती मिळाली त्याला डावलून चौथ्याच्या हातात एबी फॉर्म देणाऱ्या पुढाऱ्याने प्रचाराला त्याच विहारासमोर यावे, आणि चिठ्ठ्यांचा तो आकडा भिंतीवर लिहिलेला असताना मत मागावे.